कपाटातला पंखा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे शाळेच्या वाटचालीवर लेख मागितला होता. वाटचालीविषयी अधिकाराने लिहू शकतील अशी ज्येष्ठ मंडळी संस्थेत आहेत आणि त्यांचे लेख याच अंकात वाचकांना भेटतीलच. आम्ही इतिहासाचे शिक्षक असूनही या वेळी एका पंख्याविषयी लिहिणार आहोत. हा छताचा पंखा नव्हे. मोडीत निघालेल्या संगणकातून काढलेला, तळहातावर मावेल एवढा, बारा व्होल्टवर चालणारा हा पंखा ग्रंथालयातल्या तिसऱ्या कपाटाच्या पाठीला बसवलेला आहे. शाळा पाहायला आलेले माजी विद्यार्थी त्याच्यासमोर थबकतात आणि ‘सर, हे काय?’ असे विचारतात. उभ्या उभ्या सांगताना दरवेळी काही ना काही निसटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

काशीदला येणारा पाहुणा पांढरी वाळू आणि सुरूचे बन पाहून जातो. बारा महिने येथे राहणाऱ्याला या गावाची दुसरीही ओळख असते. पश्चिमेला समुद्र, पाठीशी फणसाडच्या अभयारण्याचे डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत साचून राहिलेली खारी, दमट हवा. बिजागऱ्या दोन वर्षांत गंजतात. जून लागला की मिठाच्या बरणीत पाणी सुटते, काड्यापेटीतली काडी ओढता ओढता मोडते, आणि पुस्तकांवर बुरशी चढते. हवेतील आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर फार काळ राहिली की कागदावर बुरशी धरू लागते, असे ग्रंथसंवर्धनाची जाणकार मंडळी सांगतात. आमच्याकडे पावसाळ्यात ती ऐंशी-नव्वदच्या खाली क्वचितच येते. वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाचा पाला, डांबरगोळ्या हे सारे आम्ही वर्षानुवर्षे करीत आलो. त्याने कसर दूर राहते; बुरशीला त्याचे काही वाटत नाही.

त्यातच ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आले. वसतिगृह कोरोनामुळे रिकामे होते. ग्रंथालयावरची कौले उडाली आणि दुपारभर पाऊस आत कोसळला. त्यानंतर कित्येक दिवस वीज नव्हती. आम्ही, शिपाईकाका आणि स्वयंपाकघरातल्या मावशी अशा तिघांनी जे हाती लागले ते ओसरीवर पसरले, पानापानात वर्तमानपत्रे घातली, दोऱ्या बांधून त्यांवर कपड्यांसारखी पुस्तके वाळत टाकली. बरीचशी वाचली. पण एकदा भिजलेल्या कागदाला ओल लवकर पकडते. पुढच्या दोन पावसाळ्यांत तिसऱ्या कपाटात जे झाले ते त्या एका दिवसाचे लांबलेले फळ होते.

त्या कपाटात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’ मालेचे खंड. दुसरी म्हणजे शाळेच्या पहिल्या तुकडीची हस्तलिखित प्रवेश नोंदवही. खंड पुन्हा मिळू शकतात. नोंदवही एकच आहे. निळ्या शाईने, टाकाने लिहिलेली. नाव, गाव, पालकाचा व्यवसाय असे रकाने आणि शेवटी एक रकाना ‘सोबत आणलेले साहित्य’ असा. एक ताट, एक वाटी, एक घोंगडी. कोणाची पत्र्याची ट्रंक, कोणाची नुसतीच कापडी पिशवी. एम.ए.ला आम्ही दप्तरखान्यांतले रुमाल सोडून कागद वाचायला शिकलो. पण या एका रकान्याइतके बोलणारे कागद आमच्या वाचनात फार आलेले नाहीत.

२०२२ च्या जूनमध्ये नववीतली एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली. (तिचे नाव येथे देत नाही. ‘सर, नाव नको’ असे तिनेच बजावले आहे.) ती कोळीवाड्यातली. विज्ञानाच्या तासाला तिने जुन्या संगणकातला पंखा काढून ठेवला होता आणि तो कपाटात बसवावा, हवा ओली झाली की तो आपोआप सुरू व्हावा, असे तिचे म्हणणे होते. आम्ही नकार दिला. कागदाच्या कपाटात विजेची तार नको, एवढे एकच कारण आम्ही सांगितले. खरे कारण, आता लिहायला हरकत नाही, असे होते की ते कपाट आमचे आहे असे आम्हांला वाटत होते.

आमचे विज्ञानशिक्षक पाबळच्या विज्ञान आश्रमात प्रशिक्षण घेऊन आलेले. डॉ. कलबागांनी १९८३ साली उभारलेल्या त्या संस्थेत मुले हाताने काम करता करता शिकतात. त्या तालमीतल्या माणसाला ‘तार नको’ हे कारण पुरेसे वाटेना. त्यांनी मुख्याध्यापकांकडे शब्द टाकला. पंखा बारा व्होल्टचा, वादळानंतर घेतलेल्या सौरदिव्याच्या बॅटरीवर चालणारा. ओढणार दोन वॅटपेक्षाही कमी. घरातल्या विजेशी त्याचा संबंधच नाही. मुख्याध्यापक हो म्हणाले. आम्ही गप्प बसलो.

मग काय झाले ते आम्ही टेबलाच्या पलीकडे बसून पाहिले. उत्सुकतेपेक्षा राखण करावी हा हेतू अधिक होता. पण पाहता पाहता जे कळले ते इतिहासाच्या माणसालाही रोचक वाटले.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये बसवलेला छोटासा संगणक. आर्डुइनो नावाच्या निळ्या पाटीवर तो बसवलेला असतो. त्याला डोके आहे, बळ मात्र नाही. त्याच्या एका पायातून पाच व्होल्ट आणि सुमारे वीस मिलिअँपिअर एवढाच प्रवाह निर्धास्तपणे घेता येतो. त्यात एखादा बारीक दिवा पेटतो. पंख्याला मात्र बारा व्होल्ट आणि दीडशे मिलिअँपिअर हवे होते. तो थेट जोडला तर पंखा हलणार नाहीच, वर चिप जळण्याची भीती. म्हणून दोघांच्या मध्ये ट्रान्झिस्टर घालतात. तीन पायांचा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. त्याच्या ‘बेस’ या पायाला किंचित प्रवाह दिला की ‘कलेक्टर’पासून ‘एमिटर’पर्यंतची मोठी वाट उघडते आणि बॅटरीचा प्रवाह पंख्यातून वाहू लागतो. बेसचा प्रवाह थांबला की वाट बंद. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बार्डीन, ब्रॅटन आणि शॉक्ली यांनी हा शोध लावला तो १९४७ च्या डिसेंबरात. आपल्याकडे तेव्हा घटनेची मसुदा समिती कामाला लागून चार महिने होत आले होते. तारखा शेजारी ठेवून पाहण्याची ही आमची खोड आहे. वाचकांनी चालवून घ्यावी.

आमच्या डोळ्यांसमोर मात्र १९४७ नव्हे, त्याच्याही मागचे चित्र उभे राहिले. आठवीला शिकवताना आम्ही ब्रिटिश काळातल्या कचेऱ्यांचे वर्णन करतो. छताला टांगलेली कापडाची लांब झालर, तिला बांधलेली दोरी, दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर गेलेली आणि बाहेर पडवीत बसून ती दोरी ओढणारा पंखेवाला. आत साहेब न्यायदान करी किंवा झोप घेई. पंखेवाल्याला डुलकी लागली तर लाथ बसे. अशा मारहाणीत माणसे दगावल्याची प्रकरणे न्यायालयांपुढे आली आणि मयताची प्लीहाच वाढलेली होती, असे सांगून गोरे आरोपी किरकोळ शिक्षेवर सुटले, हे अभ्यासकांनी कागदपत्रांनिशी मांडले आहे. आत बसलेल्याचा इशारा लहान आणि बाहेरचा खपणारा देह दुसऱ्याचा. आम्ही हे त्या मुलीला सांगितले. तिने सोल्डरिंगची गन बाजूला ठेवली आणि विचारले, “सर, दोरी ओढणाऱ्याला वारा लागत होता का?”

“तो भिंतीच्या बाहेर होता, बाळ,” एवढेच आम्ही म्हणालो. तीस वर्षे हा धडा शिकवताना हा प्रश्न आम्हांला कोणी विचारला नव्हता, आणि आम्हीही तो स्वतःला विचारला नव्हता.

पहिला ट्रान्झिस्टर जळला. शाळेत बीसी५४७ जातीचे ट्रान्झिस्टर डबीभर पडलेले, म्हणून तोच लावला. त्याची ताकद शंभर मिलिअँपिअरची, पंख्याची मागणी दीडशेची, आणि फिरायला लागताना पंखा क्षणभर त्याहूनही जास्त ओढतो. बोट लावले तर चटका बसला. थोड्या वेळाने जळका वास आला. आम्ही कपाटाकडे आणि मग विज्ञानशिक्षकांकडे पाहिले. ते म्हणाले, “जळू द्या सर, दोन रुपयांचा आहे.” दुसरा आणला तो २एन२२२२, तो पाचशे-सहाशे मिलिअँपिअर सहज पेलतो. बेसच्या वाटेवर रोधक किती ओहमचा घालायचा याचा हिशेब मुलीने फळ्यावर मांडला. पाच व्होल्टमधले सुमारे शून्य पूर्णांक सात ट्रान्झिस्टर स्वतःकडे ठेवतो. उरले चार पूर्णांक तीन. वाट पुरती उघडावी म्हणून मोठ्या प्रवाहाच्या दहाव्या हिश्शाइतका प्रवाह बेसला द्यावा, म्हणजे पंधराच्या आसपास. ३३० ओहमचा रोधक घातला तर तेरा मिलिअँपिअर मिळतात. काम भागते आणि चिपही सुरक्षित राहते. वाट अर्धवट उघडी राहिली तर ट्रान्झिस्टर तापतो, हे आम्ही तेव्हाच शिकलो.

तरीही पंखा फिरेना. दोन दिवस गेले. पाटी मोबाइलच्या चार्जरवर चालत होती आणि पंखा बॅटरीवर. सगळ्या जोडण्या बरोबर दिसत होत्या. तिसऱ्या दिवशी ती मुलगी वहीत काढलेल्या आकृतीवर बोट फिरवीत मोठ्याने वाचू लागली: प्रवाह पाटीतून निघाला, रोधकातून गेला, बेसमध्ये शिरला, एमिटरमधून बाहेर आला, बॅटरीच्या ऋण टोकाला आला... आणि ती थांबली. निघाला पाटीतून, परत पाटीकडे जायला वाटच नव्हती. पाटीचे ऋण टोक आणि बॅटरीचे ऋण टोक एका काळ्या तारेने जोडले आणि पंखा भर्रकन फिरला. जिला कारागीर ‘कॉमन ग्राउंड’ म्हणतात ती ही तार. नवशिके हमखास तीच विसरतात, असे विज्ञानशिक्षक नंतर म्हणाले. त्यांना ते पहिल्याच दिवशी दिसले होते; मुद्दामच सांगितले नव्हते.

पंख्याच्या दोन टोकांना उलटा एक डायोडही लावला आहे, १एन४००७ जातीचा. मोटारीच्या वेटोळ्यातला प्रवाह एकदम तोडला की वेटोळे उलटा झटका देते आणि त्यात ट्रान्झिस्टर फुटू शकतो. डायोड तो झटका वेटोळ्यातच फिरवून जिरवतो. संगणकाच्या पंख्यात आतच काही मंडले असतात, त्यामुळे धोका कमी, पण सवय चांगली. वीज आणि चुंबक यांची ही भानगड आपल्या जिल्ह्याला नवी नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत असत. शहरात विजेवरच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा त्या प्रवाहांनी सूक्ष्म मोजमापे बिघडतील हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ साली ते काम अलिबागला आणले. अचुंबकीय साहित्याने बांधलेल्या इमारतींत ते आजही चालते. आपल्या सहली दरवर्षी अलिबागचा किल्ला पाहून परततात. चुंबकीय वेधशाळेच्या दारावरून आम्हीही कितीदा तरी तसेच पुढे गेलो आहोत.

जुलैच्या मध्यावर पंखा कपाटात बसला. पाठीला गोल भोक, त्यावर डासांची जाळी, आणि पंखा बंद असताना भोक झाकले जावे म्हणून जुन्या क्ष-किरण फिल्मची लोंबती झडप. आत आर्द्रता मोजणारा डीएचटी११ जातीचा सेन्सर. प्रोग्रॅम साधा होता: आर्द्रता पासष्टच्या वर गेली की पंखा चालू, खाली आली की बंद.

ती खाली आलीच नाही. पंखा रात्रंदिवस फिरत राहिला. हा सेन्सर नव्वद टक्क्यांपर्यंतच मोजतो, त्यामुळे आकडाही एका जागी थिजून राहिला. बॅटरी उतरे, भरे, पुन्हा उतरे. ऑगस्टच्या मध्यावर आम्ही कपाट उघडले तेव्हा खंडांच्या कण्यांवर हिरवट पांढरी लव होती, गेल्या वर्षीपेक्षा दाट. सर्वांत जास्त धरला होता तो दहावा खंड. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, त्या काळातली त्यांची भाषणे या खंडात आहेत. वीज हा विषय तेव्हा त्यांच्याच खात्याकडे होता. १९४३ मध्ये विद्युतशक्तीच्या धोरण समितीपुढे अध्यक्ष म्हणून केलेले भाषणही त्यातच आहे. स्वस्त आणि मुबलक वीज नसेल तर उद्योग नाहीत, उद्योग नसतील तर दारिद्र्यातून सुटका नाही, असा त्यांचा आग्रह. त्या पानांवर लव होती. आणि नोंदवहीच्या चार पानांवर शाई पसरून निळे ढग झाले होते.

आम्ही त्या मुलीला बोलावले आणि वर्गासमोर बोललो. काय बोललो ते सगळे लिहिण्यासारखे नाही. शेवटी म्हणालो, “यापुढे या कपाटाला हात लावू नकोस.”

आपला जिल्हा तेव्हाचा कुलाबा. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले हे आम्ही दरवर्षी त्या तारखेला सभागृहात उभे राहून सांगतो. आवाज चढवून सांगतो. ‘हात लावू नकोस’ हे तीन शब्द त्या मुलीला आम्ही उच्चारले तेव्हा ते कोठून आले हे आम्हांला त्या क्षणी सुचले नाही. रात्री सुचले. सकाळी तिच्याशी बोलायला हवे होते. बोललो नाही. मग गणपतीची सुटी लागली आणि मुले घरी गेली.

सप्टेंबरमध्ये पालकसभा झाली. त्या मुलीची आई आली होती. सभा संपल्यावर ती थेट ग्रंथालयात आली, कपाटापुढे उभी राहिली, झडप बोटाने वर करून पाहिली आणि म्हणाली, “गुरुजी, पावसात मासली कोन सुकवतो का?”

आम्ही तिला बसायला सांगितले. ती बसली नाही, उभ्यानेच बोलली. तिचा धंदा बोंबील आणि जवळा सुकवण्याचा. पावसाळ्यात सुकवलेला माल घट्ट बांधून ठेवायचा, वारा लागू द्यायचा नाही. पाऊस सरल्यावर बांबूच्या मांडवावर बोंबील कधी टाकायचे ते वारा पाहून ठरते. “दुपारचा वारा दर्याकडनं येतो. अंगाला ऊन लागतो, पन त्याच्या पोटात पानी असतं. पहाटेचा मतलई डोंगराकडनं येतो. गार लागतो, पन कोरडा. गार म्हंजी ओला नव्हं, गुरुजी.”

मुलगी शेजारी उभी होती. तिने आमच्याकडे पाहिले नाही, आईकडेही नाही. ती भिंतीवरच्या सेन्सरकडे पाहत होती.

त्या दिवशी आम्ही तिची क्षमा मागितली. तिच्या आईच्या देखत मागितली. वर्गासमोर बोललो होतो, तेव्हा मागायचीही वर्गासमोरच होती. ती पुढच्या सोमवारी मागितली. हे लिहायला सोपे वाटते. पन्नाशी उलटलेल्या शिक्षकाला नववीच्या वर्गापुढे ते सोपे नव्हते, आणि मुले टाळ्या वगैरे वाजवीत नाहीत. ती खाली बघत बसतात.

पुढचे काम विज्ञानशिक्षकांनी आणि त्या मुलीने मिळून केले. आईचे बोलणे आकड्यांत बसवायचे होते. सेन्सर दाखवतो ती टक्केवारी म्हणजे हवेत प्रत्यक्ष किती पाणी आहे हे नव्हे. त्या तापमानाची हवा जास्तीत जास्त जेवढे पाणी बाष्परूपाने धरू शकते त्यातले किती धरले आहे, हे ती सांगते. गरम हवा जास्त धरते, गार हवा कमी. नोव्हेंबरातल्या एका दिवसाचे आकडे मुलीच्या वहीत आहेत. कपाटात २६ अंश आणि ८० टक्के: घनमीटरमागे सुमारे साडेएकोणीस ग्रॅम पाणी. दुपारी बाहेर ३२ अंश आणि ६५ टक्के. टक्केवारी पाहून कोणीही म्हणेल की बाहेरची हवा कोरडी आहे. पण हिशेब केला तर घनमीटरमागे बावीस ग्रॅम. ती आत घेतली की कपाटाच्या गारव्यात पानांवर ओल वाढणार. पहाटे बाहेर २२ अंश आणि ८० टक्के. टक्केवारी आतल्याइतकीच, पण पाणी अवघे साडेपंधरा ग्रॅम. म्हणजे मतलई. टक्केवारीचा काटा जिथे फसवत होता तिथे कोळीवाड्यातले शहाणपण फसले नव्हते.

आता आत एक आणि बाहेर सावलीत एक असे दोन सेन्सर आहेत, शंभर टक्क्यांपर्यंत मोजणारे डीएचटी२२ जातीचे. पाटी दर दहा मिनिटांनी दोन्हीकडचे पाणी ग्रॅममध्ये काढते. आतली आर्द्रता पासष्टच्या वर असेल आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा खरोखर कोरडी असेल, तरच बेसला प्रवाह मिळतो. जून ते सप्टेंबर पंखा जवळजवळ फिरतच नाही. त्या काळात दाराच्या फटी रबराच्या पट्टीने बंद असतात आणि कप्प्यांत सिलिका जेलच्या पुरचुंड्या ठेवलेल्या असतात. खड्यांचा रंग बदलला की मावशी त्या तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून देतात. ही युक्ती सर्वगुणसंपन्न आहे असा आमचा दावा नाही. मोठ्या ग्रंथालयांत वातानुकूलन असते, आर्द्रताशोषक यंत्रे असतात. ती परवडली तर हा पंखा आम्ही आनंदाने उतरवू. पण गेल्या दोन पावसाळ्यांत त्या कपाटात नवी बुरशी धरलेली नाही, आणि सगळ्या सामानाचा खर्च एका जाड संदर्भग्रंथाच्या किमतीत बसला.

ती मुलगी दहावी झाली आणि आता पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत आली होती. ट्रान्झिस्टरच्या जागी मॉस्फेट लावायला हवा, तो आणखी कमी तापतो, असे म्हणाली. आम्ही म्हणालो, लाव. तिने कपाट उघडले, आणि आम्ही बाहेर निघून गेलो.

वयोमानाने आम्हांला पहाटे लवकर जाग येते. आमची खोली ग्रंथालयाला लागून आहे. थंडीच्या दिवसांत साडेचार-पाचच्या सुमारास डोंगराकडचा वारा सुटतो, सुरूच्या बनातला आवाज बदलतो, आणि थोड्याच वेळात भिंतीपलीकडे बारीक घुर्र असा आवाज सुरू होतो. ऊन चढल्यावर, समुद्राचा वारा फिरला की तो आपोआप थांबतो. दोरी ओढायला पडवीत कोणी बसलेले नसते.

आता एक विनंती. नोंदवहीच्या ज्या चार पानांवर शाई पसरली त्यांतली बरीच अक्षरे आम्ही भिंग घेऊन, दिव्याच्या तिरप्या उजेडात वाचून काढली आहेत आणि वेगळ्या वहीत उतरवली आहेत. अनुक्रमांक २३ ते ३१ मात्र लागत नाहीत. पहिल्या तुकडीतले जे माजी विद्यार्थी हा अंक वाचतील त्यांनी, किंवा त्यांच्या घरच्यांनी, आपले नाव आणि गाव ग्रंथालयाकडे कळवावे. आठवत असेल तर सोबत काय आणले होते तेही. अनुक्रमांक २६ चे नाव पुसले गेले आहे, गावही गेले आहे. शेवटच्या रकान्यातले तेवढे वाचता येते: एक ताट, एक घोंगडी, चप्पल नाही.